सुटलेले पोट आणि रोडावलेले संप्रेरक

खोंड वयात आला, त्याचे वशिंड भरले आणि शेजारच्या गाईमागे कुंपण मोडून तो धावू लागला, की त्याला खच्ची करून औताला लावायचे, हा परिपाठ आपल्या शेतकऱ्याला शरीरशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने शिकविलेला नाही. खस्सी केलेला बोकड लवकर अंगी लागतो, त्याच्या मांसाला बोकडाचा उग्र दर्प येत नाही आणि म्हणून त्याला बाजारात चार पैसे अधिक मिळतात, हेही खाटकाला कोणी पाठशाळेत बसून सांगितलेले नाही. शरीरातून दोन ग्रंथी वजा केल्या असता केवळ प्रजननशक्तीच नव्हे, तर स्वभाव, स्नायूंची ठेवण आणि चरबीची वाटणी हे सारेच पालटते, एवढे ज्ञान या व्यवहारांत शतकानुशतके गृहीत धरलेले होते. त्या ग्रंथी दूरच्या अवयवांवर आपला अंमल कोणत्या वाटेने चालवितात, हे कळू लागण्यास मात्र १८४९ साल उजाडावे लागले.

त्या साली गॉटिंगेन येथील आर्नोल्ड बेर्टोल्ड या प्राध्यापकाने सहा कोंबड्यांवर केलेल्या प्रयोगाचे टिपण प्रसिद्ध केले. ज्यांच्या अंडग्रंथी काढून टाकल्या त्यांचा तुरा सुकला, आरवणे थांबले आणि ते दाण्यापाण्यापुरते जगणारे सुस्त पक्षी झाले. ज्यांच्या पोटात मात्र काढलेली ग्रंथी पुन्हा भलत्याच जागी बसविली, ते तिचा मज्जातंतूंशी असलेला मूळचा संबंध तुटलेला असूनही पूर्ववत तुरा फुलवून आरवू लागले व परस्परांशी झुंजू लागले. ग्रंथीतून काहीतरी रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर सर्वांगी पोहोचते, हे बेर्टोल्डचे अनुमान बिनचूक होते. तथापि त्याच्या समकालीनांनी त्याची फारशी दखल घेतली नाही, आणि पुढची चाळीस वर्षे ते टिपण जवळजवळ दप्तरातच पडून राहिले.

त्यानंतर जो गाजावाजा झाला तो मात्र चुकीच्या प्रयोगाचा. १८८९ साली पॅरिस येथे ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने भर सभेत जाहीर केले की, कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या अंडग्रंथींचा अर्क स्वतःला टोचून घेतल्यापासून आपण पुन्हा तरुण झालो आहोत; जिने चढताना दम लागत नाही, बाहूंचे बळ वाढले आहे, इतकेच नव्हे तर मूत्राची धारही पूर्वीपेक्षा लांब पडते आणि ती आपण मोजून पाहिली आहे. अंडग्रंथींचे संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि ग्रंथीत त्याचा साठाही होत नाही, त्यामुळे त्या पाणीदार अर्कात ते नावालाच असणार, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे त्या वृद्ध विद्वानाला जे तारुण्य लाभले ते निव्वळ श्रद्धेचे होते. त्या श्रद्धेचा व्यापार मात्र तेव्हापासून आजतागायत तहकूब झालेला नाही. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर रंगविलेल्या शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती वाचत ज्यांचा रोजचा प्रवास होतो, त्यांना याचा पुरावा देण्याची गरज नाही.

खरे द्रव्य हाती आले ते १९३५ साली. ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकूर यांच्या मंडळींनी बैलांच्या सुमारे शंभर किलो अंडग्रंथींतून अवघे दहा मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक मिळविले आणि त्यास टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट आणि लेओपोल्ट रुझिच्का या दोघांनी स्वतंत्रपणे ते प्रयोगशाळेत घडविले, आणि तेही कोलेस्टेरॉलपासून. आपले शरीरही ते त्याच द्रव्यापासून घडविते. ज्या कोलेस्टेरॉलच्या नावाने आज मध्यमवयीन गृहस्थाच्या उरात धडकी भरते, त्याच्याच पोटी पुरुषाच्या पौरुषाचे हे संप्रेरक जन्मास यावे, ही निसर्गाची थट्टा म्हणावी काय? निरोगी पुरुषाचे वृषण दिवसाकाठी पाच-सात मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही कितीतरी कमी, टेस्टोस्टेरॉन निर्माण करतात, आणि एवढ्याशा ऐवजावर दाढीपासून हाडांच्या घनतेपर्यंतचा कारभार चालतो.

आता मूळ विषयाकडे वळू. पंचेचाळिशीच्या आसपासचा, खुर्चीवर बसून कामकाज करणारा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. त्याचे पोट सुटले आहे, संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही, झोपेत तो घोरतो, स्त्रीसंगाची इच्छा मंदावली आहे आणि कोणा मित्राच्या सांगण्यावरून करून घेतलेल्या रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉनचा आकडा खाली आला आहे. तो आकडा पाहून त्याच्या मनाची समजूत पटते की, चला, एकदाचे कारण सापडले. संप्रेरक कमी म्हणून पोट सुटले, तेव्हा संप्रेरक भरून काढले की पोट आपोआप ओसरेल. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही, म्हणूनच ती धोक्याची आहे. संप्रेरक उणावल्याने चरबी वाढते हे खरे. पण चरबी वाढल्याने संप्रेरक उणावते हे त्याहून अधिक वेळा खरे असते, आणि आपल्या या गृहस्थाच्या बाबतीत दुसरी गोष्टच आधी घडलेली असण्याचा संभव पुष्कळ मोठा आहे.

पहिल्या बाजूचा सर्वांत निर्विवाद पुरावा प्रोस्टेटच्या कर्करोगाने आजारी असलेल्या पुरुषांनी दिला आहे. हा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली शिकागो येथे दाखवून दिले आणि त्यासाठी १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून या रोग्यांचे टेस्टोस्टेरॉन पूर्वी शस्त्रक्रियेने आणि अलीकडे इंजेक्शनांनी जवळजवळ शून्यावर आणले जाते. अशा रोग्यांची वर्षभर मोजदाद ठेवलेल्या बोस्टन येथील एका अभ्यासात त्यांचे वजन जेमतेम दोन-अडीच टक्क्यांनी वाढले. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण नऊ टक्क्यांहून अधिक वाढले आणि स्नायूंसह मेदविरहित देहभार पावणेतीन टक्क्यांच्या आसपास घटला. वजनकाट्याला यातले काही कळत नाही. एका खात्यातून रक्कम काढून दुसऱ्यात भरली तर एकूण शिल्लक जशी बदलत नाही, तसा काटा दोन-अडीच किलोंच्या आतबाहेर स्थिर राहतो आणि आत मात्र मांस जाऊन मेद येतो. असे का होते, याचाही उलगडा बराचसा झालेला आहे: ज्या मूळ पेशींपासून स्नायू आणि मेद हे दोन्ही घडू शकतात, त्यांचा कल टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायूंकडे झुकतो, ते नाहीसे झाले की तो कल मेदाकडे वळतो.

याच संदर्भात एक चमत्कारिक शोध २०१३ साली बोस्टनमध्येच लागला, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. प्रत्येकी सुमारे दोनशे निरोगी पुरुषांच्या दोन तुकड्या घेऊन त्यांचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद करण्यात आले आणि बाहेरून जेलच्या रूपाने निरनिराळ्या मात्रांत परत देण्यात आले. पैकी दुसऱ्या तुकडीला त्याखेरीज असेही एक औषध दिले की, ज्यामुळे टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये होणारे रूपांतर थांबावे. हे रूपांतर प्रत्येक पुरुषाच्या शरीरात थोडेफार होतच असते. निष्पन्न असे झाले की, स्नायू आणि ताकद यांची घट टेस्टोस्टेरॉनच्या अभावी झाली, पण चरबीची वाढ मुख्यतः इस्ट्रोजेनच्या अभावी झाली: दुसऱ्या तुकडीतील पुरुषांना टेस्टोस्टेरॉन भरपूर मिळूनही त्यांच्या अंगी मेद चढला. ज्याला आपण स्त्रियांचे संप्रेरक म्हणून बाजूला सारतो, तेच पुरुषाच्या कमरेचा घेर आवरून धरण्यात सहभागी असते, ही गोष्ट पौरुषाच्या रूढ कल्पनांना फारशी मानवणारी नाही.

दुसऱ्या बाजूची कैफियत अशी. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक हा जणू हुजूर दप्तर, त्याखालची पीयूषिका ग्रंथी हा सुभेदार आणि वृषण हा महालाचा कामगार. हुजुरातून ठरावीक अंतराने आज्ञा सुटते, सुभेदार ती एलएच नामक संप्रेरकाच्या रूपाने पुढे रवाना करतो आणि कामगार टेस्टोस्टेरॉनचा वसूल जमा करतो. वसूल पुरेसा झाल्याची खबर रक्तामार्फत वर पोहोचली की आज्ञा मंदावतात. आता पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठलेल्या चरबीत अरोमाटेज नावाचे एक विकर असते, जे टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. ही चरबी जितकी अधिक तितके हे रूपांतर अधिक. वाढलेले इस्ट्रोजेन हुजुरास खबर देते की खजिना भरलेला आहे, आणि तळाचा कामगार रिकाम्या हातांनी बसलेला असतानाही वरून आज्ञा निघेनाशा होतात. त्यात मेदातून झिरपणारी दाहक द्रव्ये आणि इन्शुलिनला न जुमानणारे शरीर यांची भर पडते, घोरण्याच्या विकाराने मोडलेली झोप तर सोबतीला असतेच. तंदुरुस्त तरुणांनासुद्धा एक आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले असता त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरल्याचे शिकागोच्या एका छोट्या प्रयोगात २०११ साली आढळले होते. अशा रीतीने मेदाने संप्रेरक घटते, घटलेल्या संप्रेरकाने स्नायू झिजतात, झिजलेल्या स्नायूंनी खर्च कमी होतो आणि उरलेले अन्न पुन्हा मेदातच जमा होते.

शिवाय पुष्कळदा जी उणीव कागदावर दिसते ती तितकी खरीही नसते. रक्तातील टेस्टोस्टेरॉनपैकी शंभरांत दोन-तीन भागच मोकळे हिंडतात. उरलेले प्रथिनांना जखडलेले असते, आणि त्यांतले सर्वांत घट्ट धरणारे प्रथिन यकृतात तयार होते, ज्याला अहवालात एसएचबीजी या आद्याक्षरांनी संबोधतात. रक्तात इन्शुलिन वाढले, जसे ते लठ्ठ माणसात वाढलेलेच असते, की यकृत हे प्रथिन कमी निर्माण करते. आपल्या त्या गृहस्थाचा अहवाल उघडून पाहू: एकूण टेस्टोस्टेरॉन २६८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मुक्रर केलेल्या ३०० या सीमेच्या खाली, आकड्याशेजारी प्रयोगशाळेने ठळक अक्षरात खूण केलेली. पण त्याखालच्या ओळीत एसएचबीजी १६, म्हणजे मर्यादेच्या तळाला टेकलेले. आणि या दोहोंवरून गणित करून काढलेले मोकळे टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या आत. धरून ठेवणारेच कमी झाल्यामुळे एकूण बेरीज कमी भरली, कामावर रुजू असलेले संप्रेरक मात्र पुरेसे आहे. खाली आलेला ठळक आकडा पाहून ज्याची झोप उडाली, त्याला ही दुसरी ओळ कोणी वाचून दाखविली असती तर बरे झाले असते.

ही तपासणी कधी करावी यालाही नियम आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास मोडला जातो. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वाधिक असते व दिवस चढता उतरत जाते; जेवणानंतरही ते घसरते. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, अनशापोटी द्यावे आणि आकडा कमी आल्यास निराळ्या दिवशी पुन्हा तपासावे, तोही ताप-आजार अंगात नसताना. कचेरी सुटल्यावर, चहाबरोबर बटाटेवडा खाऊन दिलेल्या रक्ताच्या अहवालावर औषधोपचार सुरू करणे म्हणजे दुपारी चारची सावली मोजून माणसाची उंची ठरविण्यासारखे आहे.

वयाबरोबर टेस्टोस्टेरॉन घटते हे खरे, पण ही घट चाळिशीनंतर वर्षाला एखाद्या टक्क्याच्या हिशेबाची, सावकाश अशी असते. युरोपातील आठ केंद्रांत चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या पुरुषांची पाहणी झाली, तिच्यात लक्षणे आणि आकडे या दोन्ही कसोट्यांवर उतरणारी वार्धक्यजन्य खरी उणीव अवघ्या २.१ टक्के पुरुषांत आढळली. त्याच पाहणीत काही वर्षांनी त्याच पुरुषांना पुन्हा बोलावले असता वजन वाढलेल्यांचे टेस्टोस्टेरॉन घटलेले व वजन घटलेल्यांचे वाढलेले दिसले. मात्र मोकळे टेस्टोस्टेरॉन आणि सुभेदाराकडून येणारे एलएच ठळकपणे वर जाण्यासाठी देहभाराचा पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक भाग उतरावा लागला. निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज करता, आहार आवरून दहाएक टक्के वजन उतरविलेल्यांच्या एकूण टेस्टोस्टेरॉनमध्ये सरासरी ८० नॅनोग्रॅमच्या आसपास, आणि जठरावरील शस्त्रक्रियेने सुमारे एक तृतीयांश वजन गमावलेल्यांमध्ये २५० नॅनोग्रॅमच्या आसपास भर पडलेली दिसते. आपल्या गृहस्थाला ३०० ची रेषा ओलांडायला ३२ ची भर पुरेशी आहे, हे ध्यानी घ्यावे.

येथे आपल्या मंडळींसाठी एक विशेष सूचना करणे प्राप्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र छापले होते. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३, पण युडकिनांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. एक मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याच्या आत धाव घेणे, अशी मिस्कील टीपही त्यांनी सोबत जोडली होती. तात्पर्य, हातपाय काटकुळे आणि पोटात मात्र मेद, अशी आपली घडण आहे; सदऱ्याआड ती खपून जाते आणि ‘मी कुठे जाड आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज निःशंक असतो. वजनाचा काटा आपल्याला फसवितो, म्हणून भारतीय पुरुषाने कंबर मोजावी. नव्वद सेंटिमीटर ही तिची सीमा मानली जाते, आणि फीत विजारीच्या पट्ट्यावरून न फिरविता बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून फिरवावी. पोट आत ओढून घेतलेले माप कोणाच्या उपयोगाचे?

मग संप्रेरक बाहेरून द्यावेच नाही काय? असे कोणी म्हणत नाही. ज्याच्या गुणसूत्रांत जन्मतःच क्लाइनफेल्टर हा दोष आहे, ज्याचे वृषण गालगुंडाच्या तापात सुजून निकामी झाले, ज्याच्या पीयूषिकेत गाठ वाढते आहे, अशा पुरुषाला ते द्यावेच लागते, आणि त्याने त्याचे आयुष्य पालटते. वादाचा प्रदेश आहे तो लठ्ठ, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांचा. ऑस्ट्रेलियात अशा एक हजार सात पुरुषांना, ज्यांचे वय पन्नास ते चौऱ्याहत्तर आणि कंबर किमान ९५ सेंटिमीटर होती, दोन वर्षे आहारविहाराचा कार्यक्रम देऊन त्यांच्यातील निम्म्यांना तीन महिन्यांनी एक याप्रमाणे टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन आणि निम्म्यांना नुसतेच तेल टोचले गेले. २०२१ साली निकाल जाहीर झाला तेव्हा दोन वर्षांअखेर मधुमेहाच्या कसोटीवर उतरलेले पहिल्या गटात १२ टक्के आणि दुसऱ्यात २१ टक्के होते. फरक लहान नाही. परंतु पहिल्या गटातील पाचांपैकी एकाहून अधिक जणांचे रक्त इतके घट्ट झाले की तांबड्या पेशींचे प्रमाण ५४ टक्क्यांची सीमा ओलांडून गेले. आणि कार्यक्रम तर दोन्ही गटांना होता, हे जाहिरातीत कोणी छापत नाही. २०२३ साली अमेरिकेत पाच हजारांवर पुरुषांची तपासणी पुरी झाली, तीत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात वाढलेला आढळला नाही, ही दिलासा देणारी गोष्ट. पण हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसांतील रक्ताच्या गुठळ्या या तक्रारी औषध घेणाऱ्यांत अधिक निघाल्या. वजनाच्या बाबतीत सांगायचे तर हे संप्रेरक काट्यावर फारसा चमत्कार दाखवीत नाही. ते मेद थोडा घटविते आणि स्नायू राखते. कडक आहारनियमनाबरोबर ते दिलेल्या मेलबर्न येथील पुरुषांचे वजन न दिलेल्यांइतकेच उतरले, मात्र त्यांचे मांस टिकून राहिले.

एका गोष्टीविषयी मात्र कोणतीही भीड न बाळगता बोलले पाहिजे, कारण व्यायामशाळांच्या कोपऱ्यांत आणि औषधांच्या दुकानांत ती सोईस्करपणे गाळली जाते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की वर खबर जाते की खजिना भरला, एलएच आणि त्याचे जोडीदार एफएसएच थांबते, आणि वृषणाच्या आत शुक्रजंतूंची निर्मिती बंद पडत जाते. ही क्रिया इतकी भरवशाची आहे की, जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाचा उपयोग पुरुषांचे संततिनियमन म्हणून करून पाहिला होता आणि त्याचे अनुकूल निष्कर्ष १९९० साली प्रसिद्धही झाले. म्हणजे पौरुष वाढावे म्हणून घेतलेले औषध पितृत्वाची वाट अडविते. औषध थांबविल्यावर निर्मिती बहुधा परत सुरू होते, पण त्याला कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ लागतो. म्हणून तिशी-पस्तिशीचा पुरुष असा अहवाल घेऊन समोर येऊन बसला की जाणता डॉक्टर औषधाचा कागद पुढे ओढण्याआधी, मूल हवे आहे काय, हे विचारतो. आणि उत्तर होकारार्थी आले तर टेस्टोस्टेरॉनची सुई बाजूला ठेवून आहार, झोप आणि कंबर यांच्याकडे वळतो, व तेवढ्याने भागले नाही तर पीयूषिकेलाच जागे करणाऱ्या क्लोमिफेनसारख्या गोळ्यांचा किंवा तिच्या आज्ञेची नक्कल करणाऱ्या एचसीजीच्या इंजेक्शनाचा विचार करतो.